सोंगाला सोंगच म्हणा

दरवर्षी फेब्रुवारी आला की गोव्यात एक वाद पेटतो. एक बाजू म्हणते, कार्निव्हल परका आहे, पोर्तुगिजांनी आणलेला आहे, त्यावर सरकारने पैसा खर्चू नये. शिमगा आपला, तेवढाच करावा. दुसरी बाजू म्हणते, कार्निव्हल ही गोव्याची ओळख आहे, चारशे-पाचशे वर्षांची परंपरा आहे, तिला नावे ठेवणारे कोत्या मनाचे. महिनाभर पत्रे छापून येतात आणि मग त्याच रस्त्यांवरून शिमग्याचे चित्ररथ निघतात. वाद कोणाचा उत्सव आणि कोणी आणला एवढ्यावरच थांबतो. वेष घेणारा माणूस तिथे नेमके काय करतो, हे कोणी विचारत नाही. यंदा हा प्रश्न मला पणजीत नव्हे, आमच्याच वाड्यावर भेटला. मांडावरच्या, म्हणजे वाड्याच्या उत्सवाच्या ठरलेल्या जागेवरच्या, बैठकीत शिमग्याच्या कार्यक्रमांची यादी लिहिणे चालू होते. जुन्या यादीत ‘सोंगे’ असा शब्द होता. एक तरुण म्हणाला, “सोंगे कसले लिहिता? वाईट दिसते. वेशभूषा स्पर्धा लिहा.” कोणी हरकत घेतली नाही. मीही घेतली नाही, आणि ते मला खटकत राहिले म्हणून हे लिहितो आहे.

माझे म्हणणे असे: सोंगाला सोंग म्हणावे, दशावतारी खेळाच्या काल्याला काला, रात्रभराच्या जागराला जागर आणि ख्रिस्ती घरांतल्या कार्निव्हलच्या दिवसांना, इंत्रुजाला, इंत्रुज. ‘वेशभूषा’ आणि ‘कार्निव्हल’ या दोन शब्दांनी आपल्याकडच्या वेषधारी खेळांवर जो एकसारखा रंग चढवला आहे, त्याने या खेळांचे नुकसान झाले आहे, आणि ते कोणत्याही परकेपणाने केलेल्या नुकसानापेक्षा मोठे आहे. नाव बदलले की वस्तू तीच राहते, असे म्हणणाऱ्यांनी एकदा क्रियापदे तपासावीत. सोंग आणतात, सोंग घेतात, सोंग वठवतात, सोंग पेलतात, सोंग निभावतात आणि शेवटी सोंग उतरवतात. वेशभूषा फक्त करतात. ती ‘पेलावी’ लागत नाही, कारण तिचा भार कपड्याएवढाच. एखाद्याचे सोंग फसले, तर गाव म्हणते ‘वठले नाही’. म्हणजे ज्याचे सोंग घेतले तो त्याच्यात उतरला नाही. वेशभूषेत काय फसणार? दाढी निसटणार, मुकुट वाकडा होणार. संस्कृतातले ‘स्वांग’ आपल्याकडे येताना ‘सोंग’ झाले, आणि त्यात ‘अंग’ आहे. अंगावर घेतलेले नव्हे, अंगातच आणलेले.

यावर पहिले उत्तर तयार असते आणि ते कच्चे नाही. शब्द कुठल्या तोंडाने वापरता, असे ‘वेशभूषा’ म्हणणारे विचारतात. मराठीत ‘सोंग’ म्हणजे ढोंग. झोपेचे सोंग घेतलेल्याला जागे करता येत नाही. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. गबाळ्या कपड्यांतला मुलगा दिसला की आजी म्हणणार, “शिमग्याचे सोंग दिसतोस.” मग पोराने कष्टाने उभ्या केलेल्या पात्राला हा शब्द का चिकटवायचा? हे खरे आहे. पण ही घसरण एकट्या ‘सोंगा’ची नाही. ‘नाटक’ शब्द घ्या: “नाटके करू नकोस.” ‘तमाशा’ घ्या: “भर रस्त्यात तमाशा नको.” ग्रीकांकडे रंगभूमीवरच्या नटाला जो शब्द होता, ‘हिपोक्रितेस’, त्याचा युरोपातल्या भाषांत अर्थ झाला दांभिक. लॅटिनमध्ये नटाच्या मुखवट्याला ‘पर्सोना’ म्हणत, आणि त्यातून मात्र इंग्रजीला ‘पर्सन’, म्हणजे माणूस, हा शब्द मिळाला. एका शब्दातून दंभ निघाला, दुसऱ्यातून व्यक्ती. सगळ्याच समाजांना दुसऱ्याचे रूप घेणाऱ्या माणसाची भीतीही वाटत आली आहे आणि ओढही, आणि शब्द त्या दोन्हींच्या मध्ये हेलकावे खातो. म्हणून काय आपण ‘नाटक’ शब्द टाकला? ‘नाटके करू नकोस’ म्हणणारी आईच रात्री कला अकादमीत नाटकाला जाते.

दुसरे उत्तर जास्त जड आहे, आणि ते ज्यांच्याकडून येते त्यांचा मान ठेवून मी त्याकडे पाहतो. सोंग हा शब्द ज्यांच्या पाठीवर बसला ते लोक बहुतेक गरीब आणि खालच्या मानलेल्या जातींचे होते. पेरणी जागर पाहा. लाकडी, रंगवलेले मुखवटे लावून देवळाच्या आवारात रात्र जागवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या पेरणी समाजाकडे होते. देवाचे काम म्हणून बोलवायचे आणि सकाळी त्याच माणसांना दूर बसवायचे, हा आमच्या गावांचा व्यवहार होता. त्या घरातला मुलगा आज म्हणाला की मला ‘सोंगी’ म्हणू नका, मी कलाकार आहे, तर त्याला भाषेची शुद्धता शिकवण्याचा अधिकार मला नाही. तो स्वतःला काय म्हणवून घेईल ते त्याने ठरवावे. माझा आक्षेप दुसरीकडे आहे: शब्द बदलून त्याचा मान वाढला का? स्वातंत्र्यानंतर पांढरपेशा प्रेक्षकांसाठी तमाशाला ‘लोकनाट्य’ म्हणण्याची रीत पडली. कनातीमागे राहणाऱ्या, गावोगाव फिरणाऱ्या फडातल्या बाईच्या वाट्याला त्या नव्या शब्दाने किती आले? शब्द शहराकडे गेला, अवहेलना फडाकडेच राहिली.

आणि उलटे उदाहरण तर आमच्या दारातच आहे. पोर्तुगीज ‘तेआत्रु’वरून आलेला ‘तियात्र’ हा शब्द, म्हणजे गाण्यांनी भरलेले कोंकणी नाटक. पहिला तियात्र १८९२ च्या एप्रिलमध्ये मुंबईत झाला. पुढे कित्येक वर्षे शिकलेली गोंयकार मंडळी त्याला खलाशांची, आचाऱ्यांची करमणूक म्हणून नाक मुरडत होती. मराठी रंगभूमीवर प्रेम करणारी आमची मंडळीही त्यात मागे नव्हती, हे कबूल केले पाहिजे. तियात्रिस्तांनी काय केले? ‘कोंकणी संगीत नाट्य’ असे काही गोंडस नाव घेतले का? नाही. तियात्रच म्हणत राहिले, तिकीट लावून थिएटरे भरत राहिले, कांतारांतून, म्हणजे तियात्रातल्या गाण्यांतून, सत्ताधाऱ्यांना नावानिशी सुनावत राहिले, आणि २००९ मध्ये सरकारला अकादमी काढावी लागली ती ‘तियात्र’ याच नावाने. शब्दाची घाण शब्द टाकून जात नाही. त्या शब्दाखाली काम करणाऱ्याला पैसा, जागा आणि मान मिळाला की जाते. तेव्हा पेरण्यांच्या मुलाला ‘कलाकार’ म्हणण्याआधी समित्यांनी त्याच्या मानधनाचा आकडा जाहीर करावा आणि देवळात त्याची पंगत कुठे बसते ते सांगावे.

आता सोंगाचे काम काय, ते सांगतो. माझे एक चुलते पेडण्याकडच्या काल्यांत संकासुर घेत. दशावतारी काल्याच्या सुरुवातीला लाकडी मुखवट्याचा गणपती येतो, मोरावरची सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो आणि मग तो काळा, जीभ बाहेर काढलेला, वेद पळवणारा संकासुर. बाकीची पात्रे ग्रंथातली मराठी बोलतात; हा बोलतो मालवणी, घरातली, बाजारातली. आणि बोलतो ते भटजीशी, त्याच्या सोवळ्याविषयी, दक्षिणेविषयी. गावातल्या मानकऱ्यांविषयी, ज्याने वर्षभरात बांध सरकवला त्याच्याविषयी. दिवसा माझे चुलते त्या मानकऱ्याच्या ओसरीवर चढताना चपला बाहेर काढत. रात्री त्या काळ्या मुखवट्याआडून त्यालाच चार माणसांत विचारत आणि तो मानकरी पहिल्या रांगेत बसून हसे. त्याला हसावेच लागे, कारण तो चुलत्यांचा शब्द नव्हता, संकासुराचा होता. मुखवट्याआड कोण आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. सोंग म्हणजे लपणे नव्हे, हे मला तिथे कळले. लपणाऱ्याला कोणी ओळखू नये असे वाटते. सोंग घेणाऱ्याला सगळे ओळखतात आणि तरीही त्या रात्रीपुरते तो जे म्हणतो ते त्याच्या नावावर लावत नाहीत. हा करार आहे, गावाने केलेला. शेवटी विष्णू संकासुराला मारतो, मुखवटा पेटाऱ्यात जातो आणि करार संपतो.

म्हणून सोंगाला मांड लागतो, ठरलेली रात्र लागते, आणि सोंग उतरवण्याची वेळ लागते. शिवोलीचा जागर नाताळानंतरच्या सोमवारी होतो, हिंदू आणि ख्रिस्ती दोघे मिळून करतात, आणि त्यातली पात्रे ठरावीक घराण्यांकडे असतात. ते सोंग उद्या जुलैमध्ये वातानुकूलित सभागृहात करा म्हटले, तर कपडे येतील, जागर येणार नाही. आता शहरातल्या मिरवणुकीकडे या. रोमटामेळ (ढोल-ताशांवर नाचत जाणारी पथके), लोकनृत्य, चित्ररथ, वेशभूषा असे विभाग, परीक्षकांचे टेबल, त्यामागे मंत्र्यांचे व्यासपीठ. वेशभूषेतला शंकर, वेशभूषेतला रावण, वेशभूषेतली नागीण एकामागून एक व्यासपीठासमोर येतात, थांबतात, गुणांसाठी एक पवित्रा घेतात, पुढे जातात. त्यांच्यापैकी कोणी व्यासपीठाकडे बोट करून काही बोलू शकतो का? म्हादई नदीबद्दल, खाणींबद्दल, विकल्या गेलेल्या डोंगराबद्दल? बोलला तर गुण मिळतील? ज्या माणसाकडे फक्त पाहायचे असते आणि ज्याचे काही ऐकायचे नसते, त्याच्या खेळाला वेशभूषा म्हणणे अगदी योग्य आहे. नावाने खरे सांगितले. पण मग सोंगाची परंपरा जपल्याचे श्रेय घेऊ नका.

कार्निव्हलच्या बाबतीत हेच घडले, फक्त आधी. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत त्या दिवसांना इंत्रुज म्हणतात. मूळ पोर्तुगीज ‘एन्त्रुदु’, त्यामागे लॅटिन शब्द ‘इन्त्रोइतुस’: प्रवेश. चाळीस दिवसांच्या उपवासकाळात प्रवेश करण्याआधीचा उंबरठा. भस्म-बुधवारी कपाळाला राख लागते, त्याआधी खाऊन-पिऊन-नाचून घ्यायचे. दक्षिण गोव्यातल्या साष्टीत त्या दिवसांत वाड्यावाड्यांवर ‘खेळ’ होत. अंगणात उभे राहून गावकरी पात्रे घेत, गावातल्या भानगडींवर बोलत, पुरुषच बायकांची सोंगे आणत. चांदोर गावात, जे कधीकाळी चंद्रपूर म्हणून राजधानी होते, तिथले चारडो जातीचे ख्रिस्ती लोक त्याच इंत्रुजात मुसळे घेऊन नाचतात, ज्याच्या गाण्यात विजयनगरच्या हरिहराची आठवण आहे. ख्रिस्ती सणात हिंदू राजाच्या विजयाचे मुसळ! परका की आपला, या तराजूत हे कुठल्या पारड्यात टाकणार? आणि दुसऱ्या बाजूलाही सांगायला हवे: आज ज्याला पाचशे वर्षांची परंपरा म्हणून मिरवता, ती चित्ररथांची मिरवणूक गोवा मुक्तीनंतरची, साठच्या दशकातली आहे. रिओचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून ती उभी राहिली. परंपरा इंत्रुजाची आहे, मिरवणुकीतल्या कार्निव्हलच्या राजाच्या, किंग मोमोच्या, गाडीची नव्हे. चर्चच्या बाजूनेही वेळोवेळी सांगितले गेले आहे की या मिरवणुकीचा धर्माशी संबंध लावू नका.

गंमत अशी की रिओमध्येही नावाचीच लढाई झाली होती. ब्राझीलमध्ये आधी होता एन्त्रुदु: रस्त्यात एकमेकांवर पाणी, पीठ, रंगीत भुकटी फेकण्याचा, गुलाम आणि मालक सगळ्यांचा दंगा. एकोणिसाव्या शतकात तिथल्या वरिष्ठ वर्गाला तो रानटी वाटू लागला. त्यावर बंदीचे हुकूम निघाले, आणि त्याजागी व्हेनिस-पॅरिसच्या धर्तीचे मुखवटा-नाच आणि सजवलेल्या गाड्यांच्या मिरवणुका आल्या. त्या सुसंस्कृत प्रकाराला म्हटले कार्नवाल. दोन शब्दांमध्ये वर्गाची भिंत होती. पुढे काळ्या वस्त्यांतल्या लोकांनी सांबाच्या शाळा, म्हणजे सांबा-नाचाची पथके, काढून तो कार्नवाल आतून काबीज केला, हे त्यांचे कर्तृत्व. आपण त्यांच्याकडून गाडी घेतली. वस्तीने रस्ता काबीज केल्याची गोष्ट घेतली नाही.

तिसरा आक्षेप पर्यटन आणि पैशाचा. मिरवणूक नसती तर रोमटामेळाची पथके केव्हाच बंद पडली असती, बक्षिसाच्या रकमेतून ढोल-ताशे येतात, मुंबई-पुण्याला गेलेली मुले त्यासाठी गावी परततात. हे मला मान्य आहे; आमच्या वाड्याचे नवे ढोल असेच आले. पुनरुज्जीवन म्हणजे खोटेपणा, असेही मी मानत नाही. व्हेनिसचा प्रसिद्ध मुखवटा-उत्सव १७९७ मध्ये नेपोलियनने तिथले प्रजासत्ताक संपवल्यावर ओसरला आणि १९८० च्या सुमारास पुन्हा उभा केला गेला, पर्यटकांवर डोळा ठेवूनच. तो उत्सव चालतो, लोकांचे पोट चालते. मिरवणूक बंद करा असे मी म्हणत नाही. मिरवणुकीला मिरवणूक म्हणा आणि तिच्या नावाखाली मांडावरच्या सोंगाचे नाव पुसू नका, एवढेच म्हणतो. कारण नाव पुसले की पुढच्या यादीत रात्र पुसली जाते, त्याच्या पुढच्या यादीत मांड.

सगळ्यात अवघड मुद्दा मी शेवटी ठेवला, कारण त्याने मी स्वतःही अडतो. सोंगाच्या नावाखाली किती घाणेरडेपणा चालला! बायकांवर अचकट-विचकट, वेड्याची, लंगड्याची, खालच्या जातीची टिंगल. मुखवट्याने दिलेली सूट संकासुराने मानकऱ्याविरुद्ध वापरली, तशी मानकऱ्याच्या पोरांनी मोलकरणीविरुद्धही वापरली. इंत्रुजाच्या गर्दीत बाईला सुरक्षित वाटत नसेल, तर ‘ही परंपरा आहे’ हे उत्तर नीच आहे. म्हणून मी सोंगाला सरसकट पवित्र म्हणणार नाही. ज्याच्यापुढे एरवी तोंड उघडता येत नाही त्याच्याकडे सोंग वळले आहे, की ज्याला एरवीही कोणी तोंड उघडू देत नाही त्याच्याकडे, हे दर वेळी पाहावे लागेल. पण ‘वेशभूषा’ म्हटल्याने हा प्रश्न सुटतो का? शाळांच्या स्नेहसंमेलनात अजून पानांचा घागरा घातलेले, अंगाला काजळ फासलेले ‘आदिवासी’ मूल रंगमंचावर येते आणि टाळ्या पडतात. त्याच शाळेत मागच्या बाकावर गावडा, कुणबी, वेळीप समाजाचे मूल बसलेले असते. या समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. त्या मुलाची आई शाळेत मीटिंगला कापडाची साडी नेसून येते, पानांचा घागरा नेसून नव्हे. ते मूल टाळ्या कशाला वाजवेल? सोंगात निदान समोरच्याला उत्तर देता येते, गर्दीतून कोणी ओरडू शकतो. वेशभूषेत समोर फक्त प्रेक्षक असतो.

आणि गोव्याने तरी वेष ही हलकी गोष्ट मानू नये. १७३६ मध्ये इथल्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जाहीरनामा काढून बाटलेल्या लोकांना सांगितले की धोतर नेसायचे नाही, चोळी घालायची नाही, अंगणात तुळस ठेवायची नाही. कोणी काय नेसावे हे जिथे दंडाच्या भीतीने ठरवले गेले, तिथल्या ख्रिस्ती गावकऱ्यांनी चांदोरला मुसळ उचलले, शिवोलीला जागर टिकवला. दुसऱ्याचा वेष घेण्याचा, आणि आपल्याच जुन्या वेषात एका रात्रीसाठी परत जाण्याचा अर्थ त्यांना काय वाटत असेल? ते ‘फॅन्सी’ होते का?

शब्दांचा एक धागा मला या सगळ्यात सतत दिसत राहतो. अरबीत ‘मस्खरा’ म्हणजे विदूषक. तो शब्द फारसीतून आपल्याकडे येऊन ‘मस्करी’ झाला. युरोपातल्या ‘मास्करा’, ‘मास्कराद’, ‘मास्क’ या शब्दांचे मूळही तोच अरबी शब्द असावा, असे काही कोशकार मानतात. काही जण ते लॅटिनमधल्या चेटकीण या अर्थाच्या ‘मास्का’ शब्दाशी जोडतात. पहिले खरे असेल, तर एकच शब्द दोन वाटांनी गोव्यात पोचला: एक घाटावरून, मराठीच्या तोंडून, दुसरा समुद्रावरून, पोर्तुगीज तोंडून. इथे एका घरात मुले ‘मस्करी करू नको’ ऐकत वाढली आणि शेजारच्या घरात इंत्रुजाला ‘मास्करा’ आणत. मग यातला कोणता शब्द आपला आणि कोणता परका? निदान वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी हा प्रश्न स्वतःच्या जिभेला विचारावा.

पुढच्या रविवारी आमच्या वाड्यावर पुन्हा बैठक आहे. मी तिथे यादी बदलण्याचा ठराव मांडणार आहे: ‘वेशभूषा स्पर्धा’ खोडावी आणि ‘सोंगे’ लिहावे, सोंगांना बक्षीस नको, मांडावरून नारळ आणि मानधन द्यावे, परीक्षक नसावेत, आणि समितीचे सदस्य, त्यात मीही, पहिल्या रांगेत जमिनीवर बसावेत. त्या तरुणालाही मी विचारणार आहे, यंदा संकासुर घेशील का. तो बँकेत कामाला आहे आणि सोसायटीच्या कर्जाबद्दल त्याला पुष्कळ माहीत आहे. चुलत्यांचा मुखवटा आमच्या माळ्यावर पेटाऱ्यात आहे; एका कानाजवळ कीड लागली आहे, ती सुताराला दाखवायची आहे.